फेरपरीक्षेला मी बसणार नाही

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (सध्या दोन्ही गुडघे संपावर आहेत, त्यामुळे सहाच अंगं तुमच्यापर्यंत पोचतील. उरलेली दोन मनाने टेकवली आहेत असं धरून चालावं.)

तुमची प्रकृती उत्तम असणार याची मला खात्री आहे, कारण ती बिघडली असती तर ताईने एव्हाना सगळ्या गोतावळ्यात बोभाटा केला असता. मामींच्या नव्या दातांचं काय झालं? बसले का नीट? मागे म्हणत होत्या की दात छान आहेत, पण दुसऱ्या कोणाचे तरी तोंडात आल्यासारखे वाटतात. त्यांना म्हणावं, होते सवय. तुम्ही कानाचं यंत्र लावत नाही अशी तक्रार कानावर आली. नका लावू. मुद्दाम यंत्र लावून ऐकावं असं हल्ली कोणी बोलत नाही. फोन न करता पत्र लिहितोय ते एवढ्यासाठीच, की फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मध्येच कोणी बोललेलं चालत नाही. इकडे सर्व क्षेम आहे. मुलगी तिच्या परीक्षेत पास झाली, बायको गाडी चालवायच्या परीक्षेत पास झाली (भिंतीला लागलेला तो ओरखडा आधीचा आहे असं तिचं म्हणणं), आणि नापास असा घरात मी एकटाच उरलो आहे.

हो, नापास. ताईने तुम्हाला कळवलंच असेल, आणि तिच्या पद्धतीने कळवलं असेल. म्हणजे मी इंग्रजीच्या परीक्षेत आपटलो, मग परीक्षकाचा हात धरून त्याला कारखानाभर फरफटवला, आणि साहेबांना त्यांच्या तोंडावर भोळसट म्हणालो. मामा, यातलं फरफटवणं साफ खोटं आहे. तो आपल्या पायांनी चालत होता, मी फक्त दिशा दाखवत होतो. बाकीचं खरं आहे, पण नुसतं खरं सांगून माणसाचा न्याय होत नाही. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो, आणि मग तुम्हीच ठरवा माझं काय चुकलं. माझ्या मते काही चुकलेलं नाही.

आमच्याकडे पाण्याचे पंप होतात आणि मी तिथलं स्टोअर सांभाळतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सांभाळतो म्हणजे सुपरवायझरची सगळी कामं करतो, फक्त सुपरवायझर नाही. जुने सुपरवायझर निवृत्त झाले तेव्हा साहेब म्हणाले, तात्पुरतं तू बघ. त्या तात्पुरत्यात माझे केस पिकले, मुलगी कॉलेजात गेली, स्टोअरला दोनदा रंग लागला. मी कधी तक्रार केली नाही, कारण स्टोअर माझंच होतं. कुठल्या रॅकच्या कुठल्या कप्प्यात कुठलं वॉशर आहे हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी फर्मान काढलं की ज्याला कुठल्याही विभागाचा सुपरवायझर व्हायचंय त्याने वरच्या दर्जाच्या इंग्रजी शब्दांची परीक्षा दिली पाहिजे, कारण अहवाल लांबच्या हेड ऑफिसात जातात आणि तिथल्या लोकांना भारी शब्द लागतात. (साधं इंग्रजी आम्हाला येतंच असं त्यांनी धरून चाललं होतं. ही त्यांची पहिली चूक.) पास झालो तर स्टोअर कायमचं माझं. नापास झालो तर सुपरवायझर म्हणून अकाउंट्समधला टाय येणार, आणि मी त्याच्या हाताखाली. टाय म्हणजे आमच्या कारखान्यात टाय घालणारा एकमेव माणूस. त्याच्याबद्दल वाईट बोलायची माझी फार इच्छा आहे, पण तो मेला स्वभावाने इतका चांगला आहे की बोलायला काही सापडत नाही. तो पहिल्याच फटक्यात पास झाला आणि उलट मलाच म्हणाला, तुमचं होईल हो.

तर परीक्षेसाठी क्लास सुरू झाला. शिफ्ट सुटली की कॅन्टीनमध्ये, टेबलं पुसून. शिकवायला एक मॅडम यायच्या. माझ्या मुलीपेक्षा फार तर पाचेक वर्षांनी मोठ्या असतील, पण अंगात सबुरी एवढी की आमच्या वेल्डरने एकच शंका रोज विचारली तरी त्या रोज नव्याने आनंदाने उत्तर द्यायच्या. विद्यार्थी आम्ही चौघं: मी, फिटर, वेल्डर आणि पॅकिंगवाली बाई. पहिल्या दिवशी आम्ही पाठांतराच्या तयारीने, म्हणजे तोंडं पाडून, बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, पाठ काही करायचं नाही. मोठा शब्द म्हणजे जोडलेले सुटे भाग असतात. मध्ये मूळ, पुढे एक तुकडा, मागे एक तुकडा. जेक्ट म्हणजे फेकणं. आत फेकलं की इंजेक्ट, बाहेर फेकलं की इजेक्ट, परत फेकलं की रिजेक्ट. थोडी मुळं आणि थोडे तुकडे हाताशी असले की हजारो शब्द तयार होतात. मामा, तुम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकवलंत, आता कोश करताय, पण हे मला कधी सांगितलं नाहीत. मला फक्त छडी दाखवलीत. सुटे भाग म्हटल्याबरोबर आम्ही चौघं ताठ बसलो. हे तर आमचंच काम.

दुसऱ्याच दिवशी मी स्टोअरमधली एक रिकामी रॅक झाडून घेतली. वरच्या फळीवर पुढचे तुकडे, मधल्या फळीवर मुळं, खालच्या फळीवर मागचे तुकडे. प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर लिहून, भोक पाडून, आपापल्या कप्प्यात. ज्याला शब्द करायचाय त्याने चिठ्ठी द्यायची, भाग घ्यायचे, जोडायचे, वहीत उतरवायचे आणि भाग परत जमा करायचे. शिस्त म्हणजे शिस्त. मॅडम ते पाहून आधी हसल्या, आणि मग म्हणाल्या की असं कुठल्याच वर्गात झालं नव्हतं. (मी ते कौतुक समजलो. अजूनही तसंच समजतो.) अडचणी आल्या, नाही असं नाही. पॅकिंगवाल्या बाईने स्पेक्ट घरी नेला आणि आठवडाभर आणला नाही, तेवढ्या काळात आमचा सगळ्यांचा रिस्पेक्ट अडकून पडला. वेल्डर पुढचे तुकडे खिशात साठवायचा, कारण त्याला वाटायचं ते संपतील. एकदा तर मी त्याला जेक्ट द्यायला नकार दिला, कारण त्याने आधीचा जमा केला नव्हता, आणि त्यावरून आमची अशी जुंपली की मॅडमना मध्ये पडून दोघांना नवा पुठ्ठा कापून द्यावा लागला. पण शब्द होत होते. गेटवरचा वॉचमन आमचा विद्यार्थी नव्हता, तरी त्यालासुद्धा कळलं की सस्पेक्ट म्हणजे मुळात खालून पाहणं, आणि आपण आजवर सगळ्यांकडे पाहत आलो ते अगदी शास्त्राला धरून पाहत आलो.

मग आले एकसारखे दिसणारे शब्द. ही जात फार वाईट. दिसायला जुळे आणि स्वभावाने सख्खे वैरी. स्टोअरमध्ये असे एकसारखे भाग आले की आम्ही एकाला निळ्या रंगाचा ठिपका देतो आणि दोन वेगळ्या टोकांना ठेवतो. शब्दांना रंग लावता येईना, म्हणून मी त्यांना माणसं लावली. एमिनंट म्हणजे नामवंत, इमिनंट म्हणजे लवकरच ओढवणारं. मी डोक्यात बसवलं, नवे मालक एमिनंट, त्यांची कारखान्याला भेट इमिनंट. क्रेडिबल म्हणजे विश्वास ठेवावा असा, तो आमचा फिटर. क्रेड्युलस म्हणजे कोणावरही विश्वास टाकणारा, भोळसट, ते आमचे साहेब. (का ते पुढे येईलच.) माणूस आठवला की शब्द आठवायचा, एकदाही चूक होत नव्हती. घरीही सराव चालू होता. बायकोने पिवळे पडदे आणले तेव्हा मी तिला शांतपणे समजावलं की मी या पडद्यांना ऍव्हर्स आहे, म्हणजे मला ते नकोसे आहेत, ऍडव्हर्स वेगळं, ऍडव्हर्स म्हणजे परिस्थिती प्रतिकूल असणं. ती म्हणाली, तुम्ही कसेही असा, पण आधी स्टुलावर चढा आणि पडदे लावा. तेव्हा मला दोन्ही शब्दांचा अर्थ एकदमच कळला.

आता मुख्य गोष्ट. आमच्या स्टोअरमधून पॅकिंगकडे जाणाऱ्या वाटेवर एक खांब आहे. ज्याने ती इमारत बांधली त्याने तो खांब तिथे का उभारला हे त्यालाच ठाऊक. पंपाचं खोकं ढकलत नेलं की ते हमखास त्या खांबाशी अडायचं, मग तीन माणसांनी मिळून ते वळवायचं, मग कोणाची तरी पाठ धरायची. आमच्या फिटरला एकदा ते असह्य झालं. त्याने जुनी मोटर, साखळी, भंगारातली दोन चाकं असं काय काय जमवून एक यंत्र केलं. खोक्याला आकडा लावायचा, बटण दाबायचं, की यंत्र खोकं ओढतं, खांबाला वळसा घालून नेतं आणि पलीकडे अलगद सोडतं. फिटरला बोलायची सवय कमी, त्यामुळे त्याने यंत्राचं नाव काही ठेवलं नाही. सगळे त्याला ते म्हणायचे. ते चालू कर, ते बंद कर. नेमकं त्याच वेळी नव्या मालकांनी हुकूम काढला की प्रत्येक यंत्रावर इंग्रजी नावाची पाटी पाहिजे, आणि ज्याला नाव नाही ते भंगारात. फिटर माझ्याकडे आला. येऊन नुसता रॅकसमोर उभा राहिला.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. चिठ्ठी फाडली. सर्कम म्हणजे भोवती, वरच्या फळीवरून. ट्रॅक्ट म्हणजे ओढणं, मधल्या फळीवरून. ओर म्हणजे करणारा, खालच्या फळीवरून. जोडलं. भोवतीने ओढणारा. सर्कमट्रॅक्टर. मामा, एक तरी खिळा ढिला आहे का यात? ट्रॅक्टर चालतो, कॉन्ट्रॅक्टर चालतो, मग याचं काय घोडं मारलंय? पाटी रंगवली, यंत्रावर ठोकली, यंत्र वाचलं. फिटर त्या दिवशी पाटीपुढून उगाचच चार वेळा गेला.

आणि शब्द चालू लागला. सर्कमट्रॅक्टरला तेल दे, सर्कमट्रॅक्टरवर डबे ठेवू नका. ऑफिसच्या अहवालात गेला, अहवाल हेड ऑफिसात गेला, तिथून विचारणा आली की हे उपकरण उपयुक्त दिसतं, दुसऱ्या कारखान्यासाठी आणखी एक घ्यावं. साहेबांनी ते विनाशंका खरेदी विभागाकडे पाठवलं. खरेदी विभागाने बाजारात चौकशी केली. एका व्यापाऱ्याने कळवलं की सर्कमट्रॅक्टर सध्या संपलाय, पण पुढच्या महिन्यात नवा माल येतोय, आणि तो आधीपेक्षा हलका आहे. साहेबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्या व्यापाऱ्याला आठवण करून द्यायला माणूस नेमला. (आता कळलं मी साहेबांना तो शब्द का लावला?) साऱ्या जगात एकच यंत्र, तेही आमच्या खांबापाशी, आणि त्याचा हलका नमुना येतोय म्हणे.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. बोलायला मऊ, बूट मात्र करकर वाजणारे. पेपरात प्रश्न होता, ट्रॅक्ट या मुळापासून एक शब्द लिहा आणि अर्थ द्या. मला वाटलं, प्रश्न माझ्यासाठीच काढलाय. मी सर्कमट्रॅक्टर लिहिला, अर्थ लिहिला, बाजूला यंत्राचं छोटं चित्रही काढलं. पॅकिंगवाल्या बाईने, जिने तो शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात घोळवला, तिने सरळ कॉन्ट्रॅक्टर लिहिला आणि पास झाली. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. निकाल लागला, माझ्या नावापुढे नापास, आणि माझ्या शब्दावर लाल फुली. माझ्या स्टोअरमध्ये लाल खूण फक्त खराब मालावर होते. ती फुली बघून माझं डोकंच फिरलं.

मी ऑफिसात गेलो. तिथे साहेब आणि परीक्षक चहा पीत होते. परीक्षक म्हणाले, हा शब्द कोशात नाही. मी म्हटलं, कोशात नसेल, खांबापाशी आहे, चला. (इथे तो हाताचा प्रसंग.) नेलं, आकडा लावला, बटण दाबलं, खोकं वळसा घालून पलीकडे गेलं. पॅकिंगची, वेल्डिंगची, सगळी माणसं काम टाकून जमली. मी म्हटलं, आधी वस्तू होते, मग तिला नाव पडतं, मग ते नाव कोशात जातं. कोशातून बाहेर पडून वस्तू झालेली मी तरी पाहिलेली नाही. परीक्षकांनी यंत्र मागून पुढून पाहिलं, फिटरचं कौतुक केलं, आणि म्हणाले, "यंत्र उत्तम आहे. शब्द मात्र नाही." हे त्यांनी इतक्या सौजन्याने सांगितलं की भांडायला जागाच ठेवली नाही. मग मी साहेबांकडे वळलो. म्हणायचं होतं की साहेब, तुमचा शब्द मोलाचा, तुम्ही क्रेडिबल आहात, तुम्ही सांगा यांना. पण साहेबांचा चेहरा समोर आला, आणि त्या चेहऱ्याला मी जो शब्द महिनाभर चिकटवून ठेवला होता तोच तोंडातून बाहेर पडला. सगळ्यांदेखत. साहेब आधी खूश झाले. परीक्षकांनी हळूच अर्थ सांगितल्यावर नाही झाले.

ताई म्हणते, जाऊन सांग की जीभ घसरली. बायकोही तेच म्हणते. मी सांगणार नाही. जीभ घसरली हे खरं, पण घसरून जिथे पडली ती जागा बरोबर होती. तो व्यापारी अजूनही पुढच्या महिन्याचाच वायदा करतोय आणि साहेब अजूनही वाट पाहतायत. बोललो ते बोललो. आणि त्याच भरात मी कॅन्टीनमध्ये बाकावर उभं राहून (गुडघे दुखत असताना) जाहीर केलं की फेरपरीक्षेला मी बसणार नाही. ज्याने चालत्या यंत्राच्या नावावर फुली मारली त्याच्यापुढे पुन्हा कागद धरून बसणं म्हणजे त्या फुलीला मान तुकवणं. टाळ्या पडल्या, मामा. वेल्डरने तर शिट्टी वाजवली. तोही नापास आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी जाऊन फेरपरीक्षेला त्याने नाव दिलं.

मॅडम मला समजवायला आल्या. म्हणाल्या, तुमची जोडणी बिनचूक आहे, पण इंग्रजी काही तुमचं स्टोअर नाही, तिथे नवा भाग करून ठेवायची परवानगी एकट्या माणसाला नसते, तो पुष्कळ जणांनी पुष्कळ वर्षं वापरावा लागतो. मी म्हटलं, मग परीक्षा पुष्कळ वर्षांनी घ्या. यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही बसाच, मला तुम्हाला पास झालेलं बघायचंय. चांगल्या आहेत हो त्या. पण मी नाही म्हटलं ते नाहीच. सगळे म्हणतात अडेलतट्टू आहे. असेन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे माझ्याबद्दल आई म्हणायची, आणि ती तुमचीच बहीण होती, तेव्हा हा पीळ कुठल्या घराण्याचा ते तुम्ही बघा.

तेव्हा ताईचा पुन्हा फोन आला तर तिला ठणकावून सांगा की भाच्याने केलं ते योग्य केलं. मामींना नमस्कार. मुलीचा तुम्हा दोघांना नमस्कार, बायकोचाही.

आपला
(नापास, पण ताठ) भाचा

ता. क. तुमच्या कोशाचं काम एम अक्षरापर्यंत आलं असं ऐकलं. माझा शब्द सी खाली येतो, म्हणजे गाडी पुढे निघून गेली. पण मागे पुरवणी जोडतातच ना? तिथे एक ओळ मिळाली तरी चालेल. अर्थ मी लिहून देतो, चित्रही देतो.

ता. क. २. वरचा मजकूर बायकोने वाचला आणि म्हणाली, मामांना सगळं सांगा, नाहीतर मी सांगते. तर सांगतो. त्या शब्दाला दोनच मार्क होते. मला कमी पडले अकरा. एकसारख्या शब्दांच्या जोड्यांपुढे अर्थ लिहायचे होते, तिथे मी घाईत माणसं लिहून आलो. एमिनंट, मालक. क्रेडिबल, फिटर. क्रेड्युलस, आमचे साहेब. परीक्षक नवखे, त्यांना आमची माणसं कशी माहीत असणार? तो पेपर आता साहेबांच्या टेबलावर आहे. अजून वाचलेला दिसत नाही, कारण काल त्यांनी मला चहा विचारला.

ता. क. ३. हे बायको झोपल्यावर वाढवतोय. काल टाय स्टोअरमध्ये आला होता, हातात टेप घेऊन. टेबल कुठे बसेल ते मोजत होता. लाजत होता बिचारा. मोजून झाल्यावर मला म्हणाला, "तुमची खुर्ची खिडकीशीच राहू दे, मी आतल्या बाजूला बसेन." मामा, त्याने जरा तरी उर्मटपणा करायला हवा होता.

फेरपरीक्षेला नावं द्यायची मुदत पुढच्या आठवड्याअखेर संपते. मी सगळ्यांसमोर नाही म्हणून बसलोय, त्यामुळे आपणहून जाता येत नाही. तर तुम्ही मला एक कडक पत्र लिहा. त्यात बजावून लिहा की मूर्खपणा पुरे, गुपचूप परीक्षेला बस, ही माझी आज्ञा आहे. मी ते स्टोअरच्या टेबलावर उघडं ठेवीन आणि जरा बाहेर जाईन. वेल्डर वाचेल, म्हणजे कारखाना वाचेल. मग मी सांगेन की काय करणार, मामांचा शब्द मोडवत नाही. इथे सगळ्यांना तुम्ही ठाऊक आहात, मी उठता बसता तुमचंच नाव घेतो. मामींना सांगून टपालात लगेच टाका, आणि मऊ लिहू नका. लहानपणी रागवायचात तसं रागवा. मला माझं स्टोअर हवंय.